दहा-अकराचा बिबट्या

"निसारभाई, कुठं आहात? बिबट्यानं माणूस नेला!"

फोनवर वनरक्षक निकिता होती. सकाळचे सात वाजले होते. निसार शेखच्या हातातला पाव चहात पडला आणि सरळ तळाशी गेला.

"कुठून नेला, मॅडम?"

"करंजखोऱ्यातून. शेखरशेठच्या द्राक्षबागेतून, नाल्याकडून. आपला चार नंबरचा कॅमेरा आहे ना, तिथंच. फोटोसुद्धा आलाय त्यात. लगेच निघा."

नोव्हेंबरची दहा तारीख. दिंडोरीत स्वेटरशिवाय बाहेर पडवत नव्हतं आणि हा गडी घामानं चिंब झाला. चार नंबरच्या कॅमेऱ्याबद्दलची एक गोष्ट जगात फक्त त्यालाच ठाऊक होती.

निसारचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. लग्नं मोबाइलवाल्यांनी पळवली, तेव्हा त्याला वनखात्याचं हे काम मिळालं. शेताशेतांत खांबांना बांधलेले सहा कॅमेरे. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, अगदी काळोखातही. दर पंधरा दिवसांनी जायचं, पेटीचं कुलूप काढायचं, बॅटऱ्या आणि कार्ड बदलायचं, रजिस्टरात सही करायची. फोटो बघायचं काम नाशिकच्या ऑफिसचं. बिबट्या दिसला की ऑफिस गावाला सावध करायचं.

ऑफिसातली मंडळी निसारची थट्टा करत. पेटी उघडायला तो समोर उभा राहिला की कॅमेरा त्याचाच फोटो काढायचा, त्यामुळे प्रत्येक कार्डावर शेवटचा फोटो निसारच्या पोटाचा. "तालुक्यात सगळ्यात जास्त आढळणारं जनावर," असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते.

चार नंबरवर मात्र हे पोट महिनाभर गेलंच नव्हतं. एक ऑक्टोबरला तिथं वाकलेला असताना नाल्यातून गुरगुर ऐकू आली आणि तो जुन्याच बॅटऱ्या ठेवून पळत सुटला. पुढच्या दोन्ही खेपा त्यानं बुडवल्या. रजिस्टरात मात्र 'बॅटरी बदलली, कार्ड बदलले' असं लिहून सही ठोकली आणि नाशिकला कोरं कार्ड पाठवलं. निसार बिबट्याला भयंकर भीत होता, आणि त्याहून जास्त भीत होता ते हे कोणाला कळेल याला.

गाडीला किक मारताना त्याच्या मनात आलं, फोटो आलाय म्हणजे बॅटऱ्या टिकल्या. वाचलो! मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिकडे माणूस गेला होता. वेळेवर कार्ड नेलं असतं तर ऑफिसनं गावाला सावध केलं असतं, आणि तो कदाचित गेला नसता.

बागेच्या कडेला निम्मं गाव जमलं होतं. उसाच्या बांधावर एक चप्पल आणि रक्तानं माखलेला पंचा पडला होता. चप्पल यादवची. यादव हरसूलकडचा मजूर, बायको कुसाबाईला घेऊन छाटणीपासून या बागेत राहिलेला. कुसाबाई चपलेपाशी बसली होती. रडत नव्हती. नुसती उसाकडे बघत होती.

निकिता मालकाला विचारत होती. पोलीस पाटील पुंजा वहीत उतरवून घेत होते.

"यादवला शेवटचं कोणी पाहिलं?"

"मीच," शेखरशेठ म्हणाला. चाळिशीचा, एरवी रुबाबदार माणूस, पण आज त्याचे ओठ पांढरे पडले होते. "पहाटे साडेपाचला. मोटार चालू करायला नाल्याकडं गेला."

"मग?"

"एकदाच ओरडला. मी टॉर्च घेऊन धावलो, तर हे एवढंच पडलेलं."

"कॅमेरा कोणी उघडला?"

"मी. पेटीची एक चावी माझ्याकडं असते ना. कार्ड काढून मोबाइलला लावलं. शेवटचा फोटो हाच होता, मॅडम. शेवटचाच."

त्यानं मोबाइल पुढे केला. काळापांढरा फोटो, आणि त्यात भला दांडगा बिबट्या, डोळे दोन दिव्यांसारखे पेटलेले. मागे कोपऱ्यात वेलीचं खोड. खालच्या पट्टीवर आकडे: १०/११, वेळ ५.४२, तापमान २२.

"दहा-अकरा," पुंजा पाटील लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे आजचाच."

"कार्ड माझ्याकडं द्या," निकिता म्हणाली. "मी तपासते." तिनं ते आपल्या मोबाइलला लावलं. शेवटचा फोटो खरंच तोच होता. फक्त उसाकडे बघत ती पुटपुटली, "ओढत नेल्याची खूण कुठंच कशी नाही?"

तोवर तो फोटो गावच्या ग्रुपवर गेला, तिथून निसारच्या मोबाइलवर, तिथून साऱ्या तालुक्यात.

कुसाबाई उठून निसारजवळ आली. "भाऊ, तुमचा कॅमेरा ना? माझा मानूस दिसतो का त्यात?"

"नाही, ताई."

"मंग जनावर एकलंच हाय?"

"एकटंच."

"मंग त्यानं नेला कसा म्हनता?" ती म्हणाली. बाई दुःखानं बोलतेय, असंच सगळ्यांना वाटलं.

त्या दिवसापासून करंजखोरे भीतीनं गोठलं. पोरांची शाळा बंद झाली. बायका घोळक्यानं पाण्याला जाऊ लागल्या. उसात दोन पिंजरे लावले, पण आतली शेळी नुसती ओरडत राहिली, बिबट्या आला नाही. ऊस तुडवून झाला, हाडाचा तुकडा सापडला नाही. शेखरशेठनं सगळ्यांना बजावलं, नाल्याकडच्या प्लॉटात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, मादी पिल्लांसकट आहे. कोणाची छाती होती तिकडे जायची?

तिसऱ्या दिवशी, बारा तारखेला, गावानं वनखात्याची गाडीच अडवली. बिबट्याला गोळी घाला, नाहीतर गाडी हलू देणार नाही.

निकितानं निसारला बाजूला घेतलं. "वरून परवानगी मागितलीय. त्याआधी सगळे कॅमेरे चालू पाहिजेत. तुम्ही फेरी मारून या."

"चार नंबरलाही?"

"तिथंच तर मुख्य काम आहे. घाबरताय की काय?"

"छे हो," निसार म्हणाला.

तीन नंबर रस्त्याला लागूनच होता. त्यानं बॅटऱ्या बदलल्या. छोटा पडदा उजळला: ११/१२, वेळ ९.१५. त्यानं घड्याळाशी वेळ ताडून पाहिली, बरोबर होती. पेटी लावून तो पुढे निघाला.

नाल्याकडच्या प्लॉटात चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला द्राक्षं, दुसऱ्या बाजूला मका, आणि मक्याच्या टोकाला औषधं ठेवायची पत्र्याची खोली. निसार कलमा पुटपुटत चालला होता. मक्याच्या कडेनं गुडघ्याएवढ्या बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, आणि प्रत्येक खुंटीच्या डोक्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. तारबीर काही नव्हती. कशाला असतील या, असा विचार त्याच्या मनात आला, पण थांबून विचार करायला तो काही फिरायला आला नव्हता.

त्यानं पेटी उघडली आणि पाहतच राहिला. बॅटऱ्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती. एक तर पत्र्याला चिकटून बसली होती. त्यानं ती नखानं खरवडली.

त्याच क्षणी आवाज आला.

घर्रर्र. मग थांबून पुन्हा, घर्रर्र. खोल, घोगरा. पत्र्याच्या खोलीकडून. पाठोपाठ पत्र्यावर काहीतरी घासलं.

निसारनं मागे वळूनही पाहिलं नाही. नव्या बॅटऱ्या तिथंच सांडल्या. एक बूट चिखलात राहिला. दोन बांध ओलांडून तो वरच्या प्लॉटात मजूर बायकांच्या घोळक्यात जाऊन आदळला.

"अगं बया, निसारभाऊ! वाघ लागला का मागं?" लंकाबाई म्हणाली. ती या बायकांची मुकादम, वीस वर्षं बागांत राबलेली. तिनं त्याला बसवलं, तांब्याभर पाणी दिलं.

"आहे तो तिथं," निसार धापा टाकत म्हणाला. "औषधाच्या खोलीपाशी. मी ऐकला."

"म्हनून तर मालक कोनाला जाऊ देत न्हाय. दोन दिस झाले, औषध सोताच काढून ट्रॅक्टरवर घालून आनतोय. किल्लीबी कंबरेला. एरवी फवाऱ्याचं औषध यादवच काढायचा, मालकाला वासबी सोसत न्हाय त्याचा." तिनं सुस्कारा टाकला. "बरं, त्यो फोटू तरी दाव. माझा मोबाइल बटनाचा, सगळ्या गावानं पाह्यला, म्या न्हाय."

निसारनं फोटो काढून दिला. लंकाबाईनं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"ह्यो कवाचा म्हनला?"

"परवाचा. यादवला नेला तेव्हाचा."

"खुळा का काय तू? ही येल बघ की मागं. उघडी-बोडकी. काडीला एक पान न्हाय. ह्या प्लॉटाची छाटनी आमीच केली, आक्टोबरच्या नऊ तारखेला. आन आता बघ." तिनं शेजारची वेल ओढून त्याच्या नाकासमोर धरली. हातभर फुटी, तळहाताएवढी पानं, पोपटी घड बाहेर आलेले. "परवा येल नागडी व्हती व्हय?"

निसार वेलीकडे पाहत राहिला. साऱ्या तालुक्यानं हा फोटो पाहिला होता, त्यात निम्मे द्राक्षवाले. पण सगळ्यांनी बिबट्याचे डोळे पाहिले. कोपऱ्यातली वेल कोण बघतो?

मग त्याला तीन नंबरचा पडदा आठवला. अकरा-बारा. आणि नखाखालची ती हिरवी पूड. आणि शेखरशेठचं ते बोलणं, 'शेवटचाच'.

आणि तो आवाज.

तो ताडकन उठला. बिबट्याची भीती कधी गेली ते त्याला कळलंच नाही. तिच्या जागी दुसरी भीती आली होती, फार वाईट.

"लंकाबाई, चल माझ्याबरोबर. आत्ताच."

वनखात्याच्या गाडीभोवती गाव होतं तसंच उभं होतं. शेखरशेठ निकिताला तावातावानं सांगत होता, "आज गोळी घालाच, मॅडम."

"आधी माझं ऐका," निसार ओरडला. एका पायात बूट, एका पायात चिखल. दोघंचौघं हसली. "फोटोतला बिबट्या परवाचा नाही. महिन्यापूर्वीचा आहे."

हसू थांबलं.

"काय बोलताय, निसारभाई?" निकिता म्हणाली. "तारीख आहे त्यावर. दहा-अकरा."

"आज काय तारीख, मॅडम?"

"बारा नोव्हेंबर."

"तीन नंबरच्या पडद्यावर आत्ता अकरा-बारा दिसतंय. हे कॅमेरे परदेशी. त्यात आधी महिना, मग दिवस. परवाचा फोटो असता तर अकरा-दहा आलं असतं. दहा-अकरा म्हणजे अकरा ऑक्टोबर. इथं आपण कोणी तारीख वाचायला जातच नाही, फोटो जातात नाशिकला. परवा वाचली ती आपल्या पद्धतीनं."

"मागची येल छाटलेली हाय," लंकाबाईनं दुजोरा दिला. "नऊ तारखेला छाटली, पान कुठनं येनार?"

"आणि तापमान बघा. बावीस. परवा पहाटे आपण शेकोट्या करत होतो."

शेखरशेठ पुढे आला. "तारीख चुकली असेल मशीनची. म्हणून काय यादवला मी खाल्ला?"

"मशीन चुकलं नाही. मशीन मेलेलं होतं." पुढचं वाक्य बोललं की काम जाणार, अब्रूही जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. समोर कुसाबाई उभी होती. त्यानं तिच्याकडे बघूनच सांगितलं. "मी महिनाभर तिथं गेलो नाही. भीती वाटली म्हणून. रजिस्टरात सह्या केल्या त्या खोट्या. बॅटऱ्या जुन्याच होत्या, त्या ऑक्टोबरातच संपल्या, आत्ता बघितलं, पूड धरून बसल्यात. दोन दिवसांत एवढी पूड धरत नाही."

निकिताचा चेहरा कठोर झाला, पण ती म्हणाली, "पुढं बोला."

"चालू कॅमेऱ्यात शेवटचा फोटो कोणाचा असतो, मॅडम? पेटी उघडणाऱ्याचा. माझं पोट तुमच्या ऑफिसात गाजलेलं आहे. शेखरशेठ म्हणतात परवा त्यांनी पेटी उघडली, आणि शेवटचा फोटो बिबट्याचा. मग शेठ कुठं आहेत? टॉर्च घेऊन धावत आले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, आणि कॅमेऱ्यानं त्यांना पाहिलंच नाही? यादवलाही नाही?"

"मी काय फोटो तयार केला का?" शेखरशेठ ओरडला.

"नाही. तुम्हालाही तो त्याच दिवसाचा वाटला, हीच तर गंमत झाली. तुम्ही पेटी उघडली ती कॅमेऱ्यानं तुम्हाला टिपलं का, या धास्तीनं. कार्डावर तुम्ही नव्हता, यादव नव्हता, आणि शेवटी होता बिबट्या, दहा-अकराचा. तुम्हाला वाटलं, देवच पावला. खरोखर बिबट्या येऊन गेलाय! मग चप्पल आणि पंचा उसापर्यंत नेऊन टाकणं काय अवघड?"

पुंजा पाटलांनी वही मिटली. "निसार, मग माणसाला झालं काय?"

"पाटील, मक्याच्या कडेला खुंट्या आहेत. डोक्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेल्या. ट्यूब कशाला गुंडाळतात?"

पाटलांना सांगायची गरज नव्हती. भोवतीच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी माना खाली घातल्या. रानडुकरांसाठी उघड्या तारेत करंट सोडतात, तेव्हा तो खुंटीतून जमिनीत उतरू नये म्हणून.

"तार आता काढलीय," निसार म्हणाला. "यादव पहाटे मोटारीकडं जाताना तिच्यावर पडला. पंच्यावरचं रक्त डोकं फुटल्याचं असणार. आणि शेठ, तुम्हाला औषधाचा वास सोसत नाही, तरी दोन दिवस स्वतः औषध काढताय. नाल्याकडं कोणाला फिरकू देत नाही. ती किल्ली द्या."

शेखरशेठचा हात कमरेकडे गेला आणि तिथंच राहिला.

"मयत आहे का आत?" पाटलांनी हळूच विचारलं.

"नाही," निसार म्हणाला. "मी मघाशी घरघर ऐकली. मला बिबट्या वाटला. पळालो मी, पाटील. पत्रा घासत होता तो, आणि मी पळालो."

कुसाबाई धावत सुटली होती. किल्ली पाटलांनी हिसकावून घेतली आणि सगळं गाव नाल्याकडे पळालं, ज्या वाटेवर तीन दिवस गावकऱ्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा औषधांच्या उग्र वासानं सगळे मागे सरले. कुसाबाई सरली नाही. खतांच्या रिकाम्या गोण्यांवर यादव पडला होता. उजवा हात कोपरापर्यंत काळा पडलेला, कपाळावर रक्त वाळलेलं, ओठ फुटलेले, छातीतून घरघर. डोळे किलकिले उघडे होते. कुसाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा ते तिच्याकडे वळले.

शेखरशेठ दाराबाहेर मटकन खाली बसला. आता त्याला धरायची कोणाला गरज नव्हती.

"मला वाटलं गेला," तो म्हणाला. "हलत नव्हता. करंटचा गुन्हा, जेल, सगळं डोळ्यापुढं आलं. रात्री विल्हेवाट लावू म्हणून इथं आणून ठेवला. गावात सगळं सांगून झालं, तुम्ही आलात, फोटो फिरला. दुपारी दार उघडलं तर… तर त्यानं पाणी मागितलं."

"मंग?" आतून कुसाबाईनं विचारलं. "दिलंस?"

"पाणी दिलं."

"आन दवाखाना?"

बिबट्यानं नेलेला माणूस दवाखान्यात कसा न्यायचा, हे कोडं शेखरशेठला तीन दिवसांत सुटलं नव्हतं. ते आपोआप सुटायची तो वाट बघत होता. हे तिथल्या प्रत्येकाला एकाच वेळी कळलं, आणि लंकाबाईनं तोंडाला पदर लावला.

वनखात्याच्या गाडीतूनच यादवला नाशिकला नेलं. निकितानं गाडी चालवली. निसार मागे सलाइनच्या बाटलीऐवजी पाण्याची बाटली धरून बसला, आणि कुसाबाई त्यातून यादवला घोटघोट पाजत राहिली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं हात पाहिला, दिवा टाकून डोळे पाहिले, नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. मग बाहेर येऊन तो तिघांसमोर उभा राहिला.

"शॉक कधी लागला?"

"परवा पहाटे," निकिता म्हणाली.

"परवा?" डॉक्टरला राग आवरेना. "जीव वाचेल बहुतेक. हात वाचणार नाही. त्याच दिवशी आणला असता तर कदाचित तोही वाचला असता. तीन दिवस काय करत होतात तुम्ही लोक?"

कुसाबाई निसारकडे बघत होती.

"घाबरलो होतो, साहेब," निसार म्हणाला. "सगळेच."

डॉक्टरनं क्षणभर त्याच्या एका पायातल्या बुटाकडे पाहिलं. मग तो वळून आत गेला, आणि कुसाबाई त्याच्या मागोमाग निघाली.